जुन्या इंग्रजी पुस्तकांतले शब्द ओळखीचे दिसतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही. काय करावं?

अनोळखी शब्दांची फारशी भीती नसते. 'बिट्विक्स्ट' दिसलं की आपण निमूट शब्दकोश उघडतो. फसवतात ते रोजचे शब्द, कारण ते बघावेत असं वाटतच नाही.

गाजलेलं उदाहरण शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं. 'वेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' म्हणजे 'रोमिओ, तू कुठे आहेस' असं बरेच जण समजतात. वेअरफोर म्हणजे 'का'. तू नेमका रोमिओच, वैऱ्याच्याच घरातला, का असावास, असं ती म्हणते. 'बापाला नाकार, नाव टाकून दे' ही पुढची ओळ तेव्हाच जुळते.

१६११ च्या किंग जेम्स बायबलात 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला वनस्पती आणि फळं 'मीट' म्हणून देतो. मिठाईचं 'स्वीटमीट' त्यातलंच. तिथेच 'सफर' म्हणजे होऊ देणे आणि 'क्विक' म्हणजे जिवंत. 'लेट'ची तर गंमतच आहे. 'होऊ देणे' आणि 'अडवणे' हे मुळात दोन वेगळे शब्द, पुढे रूप एकच झालं. मला जो 'लेट' करेल त्याचं भूत करीन, असं हॅम्लेट म्हणतो ते अडवणाऱ्याबद्दल. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यातल्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'मध्ये हाच लेट आहे.

'दाऊ' आदरार्थी वाटतो, कारण तो प्रार्थनेत ऐकलेला असतो. प्रत्यक्षात तो आपला 'तू': देवाला, जिवलगाला, नोकराला, आणि अपमान करायचा असेल तेव्हा. 'यू' म्हणजे तुम्ही. शेक्सपिअरच्याच 'ट्वेल्थ नाइट'मध्ये सर टोबी द्वंद्वाचं आव्हान लिहिणाऱ्याला सुचवतो की प्रतिस्पर्ध्याला दोनतीनदा 'दाऊ' म्हण. मराठीत सरळ 'अरेतुरे कर'. म्हणून एकाच प्रवेशात पात्र यूवरून दाऊवर आलं की थांबा, तिथे काहीतरी बिघडलेलं किंवा जुळलेलं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची कादंबरीकार जेन ऑस्टिन जास्त धोकादायक, कारण तिचं इंग्रजी आजचंच वाटतं. तिच्याकडे 'मेक लव्ह' म्हणजे प्रेमाची आर्जवं करणे, एवढंच. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'कंडिसेन्शन'चे गोडवे गातो. आज त्याचा अर्थ दुसऱ्याला कमी लेखून वागणे, पण तेव्हा तो मोठ्या माणसाचा गुण होता: आपल्याहून खालच्याशी मोकळेपणाने वागणे. मोल्सवर्थचा एकोणिसाव्या शतकातला मराठी-इंग्रजी कोश चाळतानाही हे ध्यानात ठेवा. तिथल्या 'कॉर्न'ला मका समजू नका, ते धान्य.

आता कोश कसा बघायचा. ओळखीचा शब्द वाक्यात किंचित जरी खटकला, तरी आधी पुस्तकाचं साल बघा. विद्यार्थ्यांसाठीचे कोश इथे कुचकामी, ते आजचा रूढ अर्थ आधी देतात. मोठा ऑक्सफर्ड (ओईडी) अर्थ कालक्रमाने लावतो आणि प्रत्येकाखाली सालासह उताऱ्यांतली वाक्यं देतो. तुमच्या पुस्तकाच्या आसपासच्या सालाचं वाक्य गाठा. मेरियम-वेब्स्टरही जुना अर्थ आधी देतो, त्यामुळे पहिला अर्थ आजचा समजून घोटाळा होतो. त्यातली 'ऑब्सोलीट' ही खूण म्हणजे १७५५ नंतर वापर आढळत नाही, 'आर्केइक' म्हणजे क्वचित किंवा विशिष्ट संदर्भातच. अठराव्या शतकातल्या पुस्तकांसाठी सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश उत्तम, आणि तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

व्युत्पत्तीच्या नादी मात्र लागू नका. 'नाइस' लॅटिनमधल्या 'अजाण' अर्थाच्या शब्दावरून आला, इंग्रजीत आधी मूर्ख, मग चोखंदळ, काटेकोर असं करत 'छान'वर पोचला. ते कळल्यावर प्रत्येक जुन्या 'नाइस'ला मूर्ख ठरवायचा मोह होतो. ऑस्टिनच्या काळी तो इतका गुळगुळीत 'छान' झाला होता की तिच्या 'नॉर्थँगर ॲबी' कादंबरीत हेन्री टिल्नी त्यावरून नायिका कॅथरीनची टिंगल करतो.