मॅडम, झोपेसाठी कोणती फ्रिक्वेन्सी लावू?

इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमधून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी मुलं हल्ली हा प्रश्न तयार घेऊनच येतात. तो असतो 'बायनॉरल बीट्स'बद्दल, म्हणजे इअरफोनने दोन कानांत किंचित वेगळे स्वर देणाऱ्या आवाजाबद्दल. अभ्यासाला कोणता आवाज, झोपेला कोणता, किती वेळ ऐकायचा. सोबत आलेली आई मुलाची नजर चुकवून वेगळंच विचारते, "ताई, रोज कानात असलं काही घातल्याने मेंदूला अपाय तर नाही ना होणार?" इंदूरच्या मराठी घरांतून हे दोन्ही प्रश्न इतक्यांदा ऐकलेत, की एका मुलाची हकिकत मांडावीशी वाटली. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा सुदामानगरचा, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारा. दिवसभर लायब्ररीत बसायचा आणि रात्री दीड-दोनपर्यंत टक्क जागा असायचा. पहिल्याच भेटीत त्याने एक वही पुढे केली. पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, आवाजाचा प्रकार (थीटा की डेल्टा), किती मिनिटं. शेवटचा रकाना लाल शाईचा, वर लिहिलेलं 'डोळा लागला?'. खाली फुल्याच फुल्या, मधूनच एखादी बरोबरची खूण. ती वही पाहिली आणि त्याची झोप कुठे अडकली असेल याचा मला अंदाज आला.

हा आवाज म्हणजे काय, ते आधी सांगते. डाव्या कानात २०० हर्ट्झचा स्वर आणि उजव्यात २१० हर्ट्झचा दिला, तर सेकंदाला १० ठोके पडल्यासारखी एक लहर ऐकू येते. ती कोणत्याच कानात नसते. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, तिथे ती तयार होते. एकोणिसाव्या शतकात डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने हे टिपलं आणि १९७३ मध्ये संशोधक जेराल्ड ऑस्टर यांच्या लेखामुळे त्याचा बोलबाला झाला. शांत, मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या माणसाच्या मेंदूत साधारण ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी दिसतात, गाढ झोपेत ४ हर्ट्झच्या खालच्या डेल्टा. म्हणून त्याच गतीचा ठोका कानातून दिला की मेंदूही त्या गतीला येईल, असा हा सगळा दावा आहे. शस्त्रक्रियेआधीची धास्ती अशा आवाजाने कमी झाल्याचे काही चांगले प्रयोग आहेत. पण मेंदूच्या लहरी खरोखरच त्या ठोक्याच्या मागे जातात का, यावर अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

हे सारं त्याला माझ्याहून जास्त पाठ होतं. त्यामुळे मी त्यावर वाद घातला नाही. विचारलं, "आवाज चालू असतो तेव्हा तू काय करतोस?"

"काही नाही. वाट बघतो."

"कशाची?"

"लागतोय का, त्याची."

पुढच्या भेटीत मी बरोबरच्या खुणा असलेल्या रात्रींबद्दल खोदून विचारलं. कसा झोपला होतास? पाठीवर? तो थोडा विचारात पडला. "नाही, कुशीवर. त्या दिवशी फार थकलो होतो. कुशीवर वळलं की उशीने इअरबड टोचतो, म्हणून एका बाजूचा काढून ठेवला होता."

"दुसऱ्या खुणेच्या दिवशी?"

"तेव्हाही कुशीवरच..." आणि तो थांबला. बराच वेळ वहीकडेच पाहत राहिला. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे मला इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलंय. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, एका कानात तर बीट बनतच नाही!"

खरंच बनत नाही. त्याच्या सर्वांत चांगल्या झोपेच्या रात्री तो निव्वळ एकसुरी गुणगुण ऐकत होता. त्या रात्री वेगळं एकच घडलं होतं: थकव्याने त्याने पहारा सोडला होता. बाकीच्या रात्री तो पाठीवर ताठ पडून स्वतःच्याच झोपेची परीक्षा घ्यायचा. झोप ही ओढून आणायची गोष्ट नाही, तिच्यावर डोळा ठेवला की ती लांब जाते, हे मी कित्येकांना सांगत आले आहे. पण माझ्या सांगण्याने जे झालं नसतं, ते त्याच्याच वहीने केलं, आणि तेच त्याच्या मनाला भिडलं. उत्तर माणसाच्या स्वतःच्या दिनक्रमात दडलेलं असतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मी त्याचा आवाज बंद केला नाही. त्याची जागा बदलली. झोपण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं, पलंगावर नाही, खुर्चीत बसून, मंद आवाजात, टायमर लावून ऐकायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच अंथरुणात शिरायचं. झोप नाही आली तर घड्याळ न बघता उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी उठायची वेळ ठरलेली, रात्र कशीही गेली तरी. लाल रकाना बंद. हे बंद करणं त्याला सर्वांत जड गेलं. पण काही आठवड्यांत दीड-दोनचे साडेअकरा-बारा झाले. आता तो आवाज म्हणजे त्याच्यासाठी दिवस आटोपल्याची खूण आहे. ती खूण तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगनेही होते, पंख्याच्या घरघरीनेही.

अभ्यासाचं म्हणाल, तर लायब्ररीतल्या कुजबुजीवर एकसारख्या आवाजाचा पडदा पडतो, त्याचा फायदा आहेच. शब्द असलेली गाणी मात्र वाचताना नकोत. आवाज बेताचा ठेवा. गाडी चालवताना हे ऐकू नका. फिट्स येत असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा. त्याखेरीज, आयांनो, बेताच्या आवाजात ऐकल्याने मुलाचा मेंदू बिघडत नाही. पण आठवड्यातून तीनेक रात्री झोपेचे हाल आणि असं तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर नवी फ्रिक्वेन्सी शोधत बसू नका, डॉक्टरांची वेळ घ्या.