ब्लॅकबर्न रोव्हर्सचा हंगामनिहाय इतिहास कसा वाचावा?

आपला प्रश्न असा आहे: "पुण्याच्या वेंकीज समूहाकडे असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब खरोखर कधी इंग्लंडचा विजेता होता का? त्याचा हंगामनिहाय इतिहास कोणी सांगू शकेल का?"

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. होय, आणि एकदा नव्हे, तीनदा: 1911-12, 1913-14 आणि 1994-95 या हंगामांत. शिवाय एफए चषक सहा वेळा आणि लीग चषक एकदा (या दोन्ही बाद पद्धतीच्या स्पर्धा). दुसऱ्या भागाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, कारण उत्तर इंग्लंडमधील ब्लॅकबर्न या गावचा हा क्लब 1875 पासून चालू आहे आणि 1888 मध्ये ज्या बारा क्लबांनी मिळून इंग्लंडची साखळी स्पर्धा सुरू केली, त्यांपैकी तो एक आहे.

मी पुण्यात राहतो. नोव्हेंबर 2010 मध्ये हा क्लब आपल्या शहरातील उद्योगसमूहाने घेतल्याची बातमी वाचली आणि कुतूहलापोटी दोनशे पानी वही सुरू केली. प्रत्येक हंगामाला एक ओळ आणि ओळीत चार रकाने: क्रमांक, गुण, गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) आणि 'किती हुकले', म्हणजे हवे ते स्थान किती गुणांनी किंवा गोलांनी गेले. शेवटचा रकाना कोणत्याही छापील तक्त्यात नसतो, तो माझा. पण रोव्हर्सचा इतिहास समजून घेताना मला त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला, कारण या क्लबाचे भवितव्य अनेकदा एखाद्या गुणाने किंवा दोन गोलांनी ठरले आहे. नुसता क्रमांक पाहिला तर ते कळतही नाही.

सुरुवातीच्या वर्षांत साखळी नव्हतीच. होता तो फक्त एफए चषक. 1882 मध्ये रोव्हर्स अंतिम फेरीत ओल्ड इटोनियन्स या संघाकडून 0-1 असे हरले. पुढच्याच वर्षी त्याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्या संघाने त्याच ओल्ड इटोनियन्सना हरवून चषक उत्तरेत नेला. ऑलिंपिकच्या संघात गिरणीत काम करणारे लोक होते, तर प्रतिस्पर्धी इटन या उमराव घराण्यांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यामुळे इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात हा सामना मैलाचा दगड मानतात. गावात रोव्हर्सच्या वाट्याला त्या वर्षी काय आले असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी त्याचे उट्टे 1884, 1885 आणि 1886 असे सलग तीन वर्षे चषक जिंकून काढले. 1890 मध्ये त्यांनी शेफिल्ड वेन्सडेला 6-1 असे हरवले आणि विल्यम टाउनलीने अंतिम सामन्यात तीन गोल केले, जे त्याआधी कोणी केले नव्हते. 1891 मध्ये पुन्हा चषक.

त्याच काळातील एक प्रसंग, हंगामाच्या तक्त्याशी फारसा संबंध नसला तरी, सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर 1891 मध्ये शेजारच्या बर्नलीच्या मैदानावर सामना चालू असताना बर्फ पडत होते आणि रोव्हर्स 0-3 असे मागे होते. दोन खेळाडूंची हातघाई झाली, दोघांनाही मैदानाबाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या पाठोपाठ गारठलेले रोव्हर्सचे बाकीचे खेळाडूही निघून गेले. उरला तो एकटा गोलरक्षक हर्बी आर्थर. बर्नलीचा सबंध संघ त्याच्यावर चालून आला तेव्हा त्याने 'ऑफसाइड' (म्हणजे प्रतिस्पर्धी नियमबाह्य रीतीने पुढे आले आहेत) असा पुकारा केला आणि तो पंचांनी मान्य केला! सामना अखेर सोडून द्यावा लागला.

साखळीतील पहिल्या हंगामात, म्हणजे 1888-89 मध्ये, रोव्हर्स चौथे आले. पण विजेतेपदासाठी त्यांना जवळजवळ पाव शतक वाट पाहावी लागली. ते मिळाले ते पैशाच्या बळावर. 1905 मध्ये अध्यक्ष झालेले लॉरेन्स कॉटन हे गिरणीमालक होते (कापडाच्या गावात कॉटन आडनावाचा गिरणीमालक, हा योगायोग), आणि त्यांनी संघावर सढळ हाताने खर्च केला. वेस्ट हॅमकडून डॅनी शी याला त्या काळी विक्रमी ठरलेल्या 2000 पौंडांना आणले. उजवा बचावपटू बॉब क्रॉम्प्टन हा याच गावचा, कर्णधार तोच. 1911-12 मध्ये एव्हर्टनपेक्षा तीन गुण जास्त, 1913-14 मध्ये ॲस्टन व्हिलापेक्षा सात. विजयाला दोनच गुण मिळत असल्यामुळे सातचे अंतर फार मोठे होते. माझ्या वहीत 'किती हुकले' या रकान्यात निश्चिंत शून्य लिहिता येईल असे हे विरळ हंगाम आहेत. त्यानंतर महायुद्ध आले आणि तो संघ पांगला.

इथे आपल्याकडचा एक धागा येतो. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेल्या मालाची मोठी बाजारपेठ हिंदुस्थान होती. आपल्या पणजोबांच्या पिढीने नेसलेली धोतरे तिथून येत. पहिल्या महायुद्धानंतर भारतीय गिरण्या, जपानी माल, आयातकर आणि स्वदेशीची चळवळ यांमुळे तो धंदा बसला. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन येथे जाऊन बेकार झालेल्या कामगारांना भेटले होते. 1928 चा एफए चषक, ज्यात हडर्सफील्डला 3-1 असे हरवले, हा त्या उतरत्या काळातला अपवाद. त्या वेळी संघाची सूत्रे क्रॉम्प्टनकडेच होती. 1935-36 मध्ये रोव्हर्स आणि व्हिला हे दोन संस्थापक क्लब एकाच हंगामात, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या विभागात घसरले. घसरणीचे कारण केवळ गिरण्या बंद पडणे हे नव्हते, परंतु गावाच्या खिशात पैसा नसताना क्लबाच्या तिजोरीत तो येणार कुठून?

1936 ते 1991 या काळातील ओळी मी वहीत भराभर लिहून काढल्या. 1938-39 मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद, लगेच दुसरे महायुद्ध, 1948 मध्ये पुन्हा खाली, 1958 मध्ये वर, 1966 मध्ये शेवटच्या क्रमांकासह खाली, 1971 मध्ये थेट तिसऱ्या विभागात, 1975 मध्ये तिथले विजेतेपद, 1979 मध्ये पुन्हा तिसऱ्यात, 1980 मध्ये परत वर. यात 1960 चा एफए चषकाचा अंतिम सामना येतो, ज्यात रोव्हर्सच्या डेव्ह व्हीलनचा पाय मोडला आणि वुल्व्हजने 3-0 अशी बाजी मारली. मात्र 1980-81 च्या ओळीवर थांबावे लागते. वरच्या विभागात जाण्यासाठी पहिल्या तिघांत यावे लागे. स्वान्सी आणि रोव्हर्स यांचे गुण सारखे, 50. गोलफरकाने स्वान्सी तिसरे आले. पुढे 1988, 1989 आणि 1990 असे सलग तीन हंगाम रोव्हर्स पदोन्नतीच्या बाद फेरीत (थेट वर जाणाऱ्यांच्या मागोमागच्या संघांना मिळणारी दुसरी संधी) पोहोचून हरले. अकरा वर्षे तेच दार ठोठावणे चालू होते.

जानेवारी 1991 मध्ये जॅक वॉकर यांनी क्लबाचा ताबा घेतला. ते ब्लॅकबर्नचेच, पोलादाचा व्यवसाय विकून त्यांना 33 कोटी पौंड मिळाले होते आणि लहानपणापासून ज्या संघाला पाहिले त्याच्यावर ते पैसे लावण्याची त्यांची तयारी होती. 1990-91 मध्ये रोव्हर्स दुसऱ्या विभागात 19 वे होते. ऑक्टोबर 1991 मध्ये लिव्हरपूलला विजेतेपदे मिळवून दिलेले केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक म्हणून आले, ही त्या विभागासाठी न पटणारी बातमी होती. 1991-92 मध्ये शेवटच्या साखळी सामन्यात डेव्हिड स्पीडीच्या तीन गोलांवर प्लिमथला हरवून जेमतेम सहावा क्रमांक, म्हणजे बाद फेरीतील जागा मिळाली आणि मग वेम्ब्लीवर अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध माइक न्यूवेलच्या पेनल्टीवर पदोन्नती. नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीग या सर्वोच्च विभागाचे शेवटचे तिकीट त्यांना असे मिळाले.

पुढचे तीन हंगाम म्हणजे एकेक पायरी आहे. 1992-93 मध्ये साउदॅम्प्टनहून आलेल्या ॲलन शिअररने 21 साखळी सामन्यांत 16 गोल केले, परंतु नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याचा गुडघा गेला, क्रमांक चौथा. 1993-94 मध्ये 84 गुण, क्रमांक दुसरा, मँचेस्टर युनायटेड आठ गुणांनी पुढे. 1994-95 मध्ये 50 लाख पौंडांना ख्रिस सटन आला, शिअररचे 34 आणि सटनचे 15 असे दोघांनी मिळून साखळीत 49 गोल केले.

14 मे 1995 चा शेवटचा दिवस थोडा सविस्तर सांगतो. रोव्हर्स दोन गुणांनी पुढे, पण गोलफरक युनायटेडचा चांगला. रोव्हर्सचा सामना लिव्हरपूलच्या मैदानावर, जिथे डॅल्ग्लिश यांना देवासारखे मानतात; युनायटेडचा वेस्ट हॅमच्या. शिअररने गोल करून आघाडी दिली, दुसऱ्या सत्रात जॉन बार्न्सने बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस जेमी रेडनॅपची फ्री किक जाळ्यात गेली. रोव्हर्स 1-2 असे हरले. तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमचा गोलरक्षक लुडेक मिक्लॉश्को याने युनायटेडचा एकेक फटका अडवून 1-1 अशी बरोबरी राखली. अंतिम हिशेब 89 आणि 88. युनायटेडने आणखी एक गोल केला असता तर त्यांचे 90 गुण होऊन चषक गेला असता. मी तेव्हा शाळेत होतो. मला हे कळले ते वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरील चार ओळींतून, आणि 'ब्लॅकबर्न' हे नाव आधी आडनाव वाटले होते.

81 वर्षांनी आलेले विजेतेपद टिकले नाही. डॅल्ग्लिश यांनी व्यवस्थापकपद सोडून वरचे पद घेतले. 1995-96 मध्ये सातवा क्रमांक, आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेत गटात तळ, त्यातही मॉस्कोत ग्रॅम ल सो आणि डेव्हिड बॅटी हे एकाच संघाचे दोन खेळाडू मैदानावर एकमेकांवर धावून गेले. 1996 मध्ये शिअरर 1.5 कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. तो विक्रम होता, पण गोल कुठून आणायचे? 1998 मध्ये सव्वासात दशलक्ष पौंडांना घेतलेल्या केव्हिन डेव्हिसने त्या हंगामात साखळीत एकच गोल केला. मे 1999 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या 0-0 ने घसरणीवर शिक्कामोर्तब झाले, आणि त्या वेळी रोव्हर्सचे व्यवस्थापक ब्रायन किड हे काही महिन्यांपूर्वीपर्यंत युनायटेडचेच सहायक होते. वॉकर ऑगस्ट 2000 मध्ये वारले; त्यांच्या मृत्यूनंतरच्या त्याच हंगामात ग्रॅम सूनेस यांच्या हाताखाली संघ वर आला आणि फेब्रुवारी 2002 मध्ये टॉटनहॅमला 2-1 असे हरवून लीग चषकही जिंकला.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षे समाधानाची होती: 10, 6, 15, 15, 6, 10, 7, 15, 10 असे क्रमांक. लहान गावाच्या क्लबासाठी हे उत्तमच म्हणावे लागेल, आणि यात व्यवस्थापक मार्क ह्यूज यांचा वाटा मोठा आहे.

नोव्हेंबर 2010 मध्ये कोंबड्यांच्या व्यवसायातील वेंकीजने सुमारे 2.3 कोटी पौंडांना क्लब घेतला आणि महिन्याभरात व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढले. हा निर्णय, माझ्या मते, पुढच्या अनेक ओळींचे मूळ आहे; संघ त्या वेळी तक्त्याच्या मध्यावर होता आणि इतकी घाई करण्याचे कारण नव्हते. नव्या मालकांनी खेळाडूंना सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत चिकन खाताना दाखवणारी जाहिरात काढली, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये संघाला पुण्याला आणून पुणे एफसीशी सामना खेळवला. आमच्या कार्यालयात त्या आठवड्यात प्रत्येकजण फुटबॉलतज्ज्ञ झाला होता. इंग्लंडमधील समर्थकांचा राग मात्र वाढत गेला. डिसेंबर 2011 मध्ये युनायटेडला त्यांच्याच मैदानावर 3-2 असे हरवूनही संघ सावरला नाही, आणि 7 मे 2012 रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबाचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती बराच वेळ हाती लागत नव्हती. सामना 0-1 असा गेला आणि क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, तो अद्याप परतलेला नाही.

2012-13 मध्ये एकाच हंगामात व्यवस्थापक बदलत राहिले. 1995 च्या संघातील हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले. आणि मग 2016-17. शेवटच्या दिवशी रोव्हर्सने ब्रेंटफर्डला 3-1 असे हरवले, 51 गुण झाले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही 51. फॉरेस्टचा गोलफरक उणे 10, रोव्हर्सचा उणे 12. दोन गोल. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या स्तरावर जाण्याची ती पहिलीच वेळ होती. व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी 96 गुणांसह त्यांना परत वर आणले, याचे श्रेय त्यांना आणि, न्यायाने बोलायचे तर, तोटा सोसत पैसे घालत राहिलेल्या मालकांनाही द्यावे लागेल.

2022-23 मध्ये शेवटच्या दिवशी मिलवॉलविरुद्ध 1-3 वरून 4-3 असा विजय मिळवून 69 गुण झाले, सुंडरलंडचेही 69. गोलफरक सुंडरलंडचा चांगला, बाद फेरी हुकली. 2023-24 मध्ये शेवटच्या दिवशी विजेत्या लेस्टरच्या मैदानावर सॅमी झ्मोडिक्सच्या दोन गोलांनी घसरण टळली. 27 गोलांसह तो विभागात सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि उन्हाळ्यात विकला गेला. 2024-25 मध्ये पुन्हा सातवा क्रमांक, सहाव्यापेक्षा दोन गुणांनी मागे. वहीत त्या हंगामासमोर शेवटच्या रकान्यात मी '2' लिहिले आहे.