किलोमीटरला दहा रुपये?

(‘पागा’ या सदरात घोडेस्वारी आणि घोड्यांची निगा याविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना लष्कराच्या पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले आमचे डॉक्टर उत्तरे देतात.)

प्रश्न : डॉक्टर, मी ३४ वर्षांची, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. गेली काही वर्षे शनिवार-रविवार क्लबात घोडेस्वारी करते. तिथली राणी नावाची घोडी आता माझ्या हातात अगदी बसली आहे. पुढच्या वर्षीच्या मंगोल डर्बीसाठी, म्हणजे मंगोलियातल्या लांब पल्ल्याच्या घोडेस्वारी शर्यतीसाठी, माझी निवड झाली आहे. त्या निमित्ताने बीडकडच्या एका वसतिगृहासाठी पैसे उभे करायचे आहेत; तिथे ऊसतोड मजुरांच्या मुली राहतात. योजना अशी की शर्यत १००० किलोमीटरची, किलोमीटरला १० रुपये, आणि मी शेवटपर्यंत पोचले तरच लोकांनी पैसे द्यायचे. तयारी कशी करू? घरचे म्हणतात, हे काय वय आहे का! अमेरिकेतला मामेभाऊही मोठी रक्कम द्यायला तयार आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : वयाचं आधी निकालात काढू. २०१९ साली ही शर्यत बॉब लाँग नावाच्या अमेरिकन गड्याने जिंकली, तेव्हा तो ७० वर्षांचा होता. २०१३ साली जिंकणारी लारा प्रायर-पामर १९ वर्षांची होती. घरच्यांना हे दोन आकडे सांगा आणि विषय बंद करा.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात: ही शर्यत २००९ पासून मंगोलियात होते. चंगीजखानाच्या वंशाने चालवलेल्या डाकेच्या धर्तीवर साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर एकेक ठाणं असतं आणि तिथे घोडा बदलायचा. मुदत दहा दिवसांची. आखलेली वाट नाही. जीपीएस बघत आपली वाट आपण काढायची. ठाण्यावर तिथल्या पशुपालकांचे घोडे दोरीला ओळीने बांधलेले असतात, त्यांतला एक निवडायचा आणि निघायचं. म्हणजे पंचवीसेक घोडे, सगळे अनोळखी, त्यातले काही अर्धे रानटी.

आता राणीकडे येऊ. तुम्ही राणीला सांभाळत नाही, राणी तुम्हाला सांभाळते आहे. आजपासून सहा महिने तिच्यावर बसू नका. क्लबातल्या प्रशिक्षकाला सांगा, दर खेपेला वेगळं जनावर द्या. अडणारं, ओढाळ, तोंडाचं कडक, रिकिबीत पाय टाकताच पळणारं. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) ज्या घोड्याचं नाव काढून हसतात तो आधी मागा. घोडा पाहिल्यापासून त्यावर मांड बसेपर्यंतची पाच मिनिटं तुम्हाला मंगोलियात रोज दोन-तीनदा काढायची आहेत. ओळीतला कुठला घ्यायचा हेही शिकावं लागेल. मी आधी पाठ बघतो (खोगिराखाली सोलपटलेली नाही ना), मग पाय, आणि मग कान. सगळ्यात उंच, देखणा म्हणून घ्यायला जाल तर फसाल. मंगोल घोडा बारा ते चौदा हातांचाच (घोड्याच्या मापात हात म्हणजे चार इंच), आपल्याकडे त्याला कुणीही तट्टू म्हणेल. आपल्या भीमथडीच्या तट्टांबद्दलही लोक असंच नाक मुरडत आले.

दुसरं, बसणं विसरा. दुडक्या चालीत रिकिबीत उभं राहून, बूड खोगिराला न टेकवता सलग चाळीस मिनिटं काढता आली पाहिजेत. सुरुवातीला दहा मिनिटांत मांड्या पेटतील. त्यासाठी आठवड्यातून दोनदा सिंहगड चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. गुडघे आणि मांड्या उतारावर तयार होतात. पडायलाही शिका. मंगोलियातल्या गवताळ मैदानात मार्मोटांची (खारीच्या कुळातल्या प्राण्यांची) बिळं असतात, घोड्याचा पाय गेला की दोघंही आडवे. सासवड-सुपे भागातल्या माळावर पायी का होईना, जीपीएस हातात धरून बिनरस्त्याचं दिवसभर चाला. जुलैत मुळशीच्या पावसात ओल्या कपड्यांनी स्वारी करून बघा, म्हणजे शिवणी कुठे कुठे घासतात ते आपोआप कळेल. वजन: अंगावरच्या कपड्यांसह ८५ किलोची मर्यादा आणि सामान ५ किलो. त्या पाच किलोंत शेंगदाण्याच्या चिक्कीला जागा ठेवा. तिथे मटण आणि खारा चहा यावर दिवस काढायचे आहेत.

पण या शर्यतीतलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे ठाण्यावरचा पशुवैद्य. तुम्ही आणलेल्या घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात ठरलेल्या आकड्याखाली उतरली नाही, तर तुम्हाला वेळेचा दंड. २०१३ साली डेव्हन हॉर्न ही टेक्सासची मुलगी सर्वांत आधी पोचली होती. तिच्या शेवटच्या घोड्याची नाडी वेळेत उतरली नाही, दोन तासांचा दंड बसला आणि शर्यत लाराच्या नावावर गेली.

म्हणून उद्याच एक स्टेथोस्कोप घ्या. घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागे, तंग (खोगीर आवळायचा पट्टा) जिथे बसतो तिथे लावा. पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. दौडीनंतर लगेच मोजा, मग दर दोन मिनिटांनी मोजा आणि वहीत लिहा. एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींत बहुधा ६४ चा आकडा धरतात. महिन्याभरात तुम्हाला न मोजताही श्वासावरून अंदाज यायला लागेल. मग एक प्रयोग करा: शेवटचा किलोमीटर दौडत आणा आणि दुसऱ्या दिवशी तोच किलोमीटर खाली उतरून, तंग सैल करून, घोड्याबरोबर चालत आणा. वहीतले आकडे शेजारी ठेवा. जिंकणारे लोक शेवटी उतरून चालतात ते उगाच नाही.

आणि म्हणूनच तुमची ‘पोचले तरच’ ही अट मला अजिबात पसंत नाही. आठव्या दिवशी घोडा लंगडतोय, तुमच्या खांद्याला मार आहे, आणि डोक्यात त्या मुलींच्या वसतिगृहाचे पैसे. तुम्ही उतराल? नाही उतरणार. अटीचा भार तुम्हाला वाटतो तुमच्यावर आहे, तो पडतो जनावरावर. लोकांकडून पैसे आधीच घ्या, शर्यतीत तुमचं काहीही होवो. किलोमीटरला १० रुपये म्हणजे माणशी १०,००० होतात. रक्कम सांगायला सोपी आहे, तेवढीच ठेवा. वाटल्यास ऐपतीप्रमाणे किलोमीटरला एक रुपया म्हणा, शाळकरी पोरंही देतील.

पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका. थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. संस्थेची ८०जी नोंदणी आहे का विचारा. असेल तर जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या देणगीदाराला सवलत मिळते, पण रोखीत २००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर मिळत नाही. डबा घेऊन सोसायटीत फिरायची हौस असेल तर आधी धर्मादाय आयुक्तालयाकडे चौकशी करा. गणेश मंडळं वर्गणीची परवानगी काढतात ती उगाच नाही. मामेभावाला एवढंच विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तो नेहमीच्या बँक-मार्गाने देऊ शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नसेल तर त्याला प्रेमाने नाही म्हणा.

तुमचं प्रवेशशुल्क, विमान, विमा हे लाखांतलं प्रकरण आहे. ते स्वतःच्या खिशातून, आणि पहिल्याच पत्रकात तसं लिहा. देणगीतून तिकीट काढणारे स्वार मी पाहिले आहेत. त्यांना दुसऱ्यांदा कुणी दारात उभं करत नाही. विम्याच्या कागदात ‘शर्यत’ हा शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत नाही ना, आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आहे ना, ते भिंग घेऊन वाचा.

प्रश्न : माझी मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतली आहे. तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवायचं आहे. आठवडाभर पळवतो, रविवारी विश्रांती देतो आणि लाड म्हणून चणे वाढवतो. सोमवारी मात्र ती आखडल्यासारखी चालते.
– एक वाचक, शहादा

उत्तर : लाड बंद करा. विश्रांतीच्या दिवशी दाणा निम्म्याहून कमी, चारा भरपूर, मीठ-पाणी समोर. रविवारी खुंटाला बांधून ठेवू नका, सावकाश फिरवा. दाणा तोच आणि काम शून्य, असं झालं की दुसऱ्या दिवशी स्नायू आखडतात. घोडेवाल्यांचा जुना सोमवारचा आजार तो हाच. कधी मागचे पुठ्ठे (ढुंगणाचे स्नायू) दगडासारखे घट्ट झाले, घाम सुटला आणि लघवी कॉफीच्या रंगाची आली, तर घोडीला एक पाऊलही चालवू नका. आहे तिथेच उभी ठेवा, पाणी द्या आणि डॉक्टरला तिथे बोलवा. शर्यतीचं त्यांनी रक्त तपासल्यानंतर बघू.