खर्चुडीच्या जाती ओळखायच्या कशा आणि वाचवायच्या कशा?

खर्चुडी म्हणजे शास्त्रीय नावानं सेरोपेजिया, आपलं कंदीलपुष्प. आधी रुईच्या कुळात धरायचे, आता ते अख्खं कुळच करवंद-कण्हेरीच्या कुळात घातलंय, आणि 2017 ला तर ब्रॅकिस्टेल्मा ही जवळची प्रजातीसुद्धा सेरोपेजियातच टाका असं सुचवलं, सगळ्यांना ते पटलेलं नाही, सोडा.

पानावरून ओळखायला जाऊ नका हं, फसाल. सेरोपेजिया बल्बोसा ही एकच जात, पण पान कधी गोल तर कधी गवतासारखं बारीक. फूलच बघायचं: खाली फुगीर, मधी नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळं बारीक माशी आत घसरते ती फूल सुकेपर्यंत अडकूनच.

खरा घोळ कंदाचा. औषध म्हणून काढतात, गुराखी पोरं तर उकरून कच्चाच खातात, आणि कंद गेला की वेल संपला. म्हणून पठारावर दिसला तर फोटो काढा, उपटून घरच्या कुंडीत आणू नका. लावायचाच असंल तर शेंग तडकायच्या आधी थोडं बी घ्या, नायतर कापसासारख्या झुपक्यासकट उडून जातंय. कोल्हापुरात असाल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात यांचा चांगला संग्रह आहे, पावसाळ्यात जावा.