फोटोवरून हुबेहूब जमतं, समोरचा माणूस जमत नाही

तुम्ही लिहिलंय की चित्र काढताना फोटोवरून चेहरा हुबेहूब उतरतो, पण घरातलं कुणी समोर बसलं की हात थिजतो. रोज तासभर बसूनही २ वर्षं हेच चाललंय. वाचताना माझीच जुनी वही समोर आली.

माझी ४ वर्षं यात गेली. ज्या वर्गाला जात होतो (नाव लिहीत नाही) तिथे पहिल्या दिवसापासून फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच कागदावर पाडायच्या आणि एकेक चौकोन भरत जायचं. समोर वस्तू ठेवून काढू का, असं मी दोनदा विचारलं. "ते नंतर, आधी शेडिंग येऊ दे." ते नंतर कधी आलंच नाही. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा उशाशी बसून त्यांचा हात काढायला घेतला. चादरीवर टेकलेला, बोटं माझ्याकडे केलेला हात. तसा बघितला की बोटं अगदी आखूड दिसतात, मधलं बोट तर नखासकट दोन पेरांएवढंच. मी मात्र बोट किती लांब असतं हे मनात धरून काढत गेलो. तीन दिवस रोज बसलो आणि तीनही कागदांवर हात कुणा परक्याचा आला. त्यांचा हात काढायचा राहिला तो राहिलाच. त्या वर्गावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

फोटोत वस्तूंची खोली आधीच सपाट झालेली असते. समोरची वस्तू सपाट करायचं काम आपल्या डोळ्यांनाच करावं लागतं, आणि तीच सवय आपल्याला लागलेली नसते. म्हणून मोजा. एक डोळा मिटा, कोपर ताठ ठेवून पेन्सिल समोर धरा आणि वस्तू तिच्यावर किती लांब दिसते ते अंगठ्याने धरून ठेवा. कोपर जरा वाकलं की माप चुकलंच. पेन्सिल उभी धरली की ओळंबा होतो: नाकाच्या शेंड्याखाली ओठांचा कुठला भाग येतो ते बघा. कप काढताना त्याचा कान काढू नका, कानातून दिसणाऱ्या पोकळीचा आकार काढा. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, आपण सगळेच ते वर चढवतो.

खोडरबर ३ महिने लांब ठेवा, हे माझं ठाम मत. चुकलेली रेघ दिसत राहिली तरच दुसरी तिच्या किती आत घ्यायची ते कळतं. बोटाने शेडिंग पुसणंही बंद करा. मी शिक्षक नाही, आणि भिंतीएवढं चित्र मोठं करायचं तर चौकटी उपयोगीच आहेत. माझं भांडण फक्त चौकटींपासून सुरुवात करण्याशी आहे.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी: कागद टेबलावर सपाट ठेवत असाल तर कागदाखालचा पाट तिरका उभा करा. सपाट ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि चेहरे उगाच उभट होतात.

घरचे हलतात म्हणता, तर १-१ मिनिटाची रेखाटनं करा. पूर्ण व्हायलाच हवीत असं नाही. माणूस हलला की त्याच पानावर शेजारी दुसरं सुरू करा. बसलेला माणूस बहुधा थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखाच बसतो, तेव्हा अर्धवट राहिलेलं पुढे न्या.