गाणगापूरला भूतबाधा उतरते असं म्हणतात, तिथे नेमकं काय करतात? पेशंटला न्यावं का?

गाणगापूर कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे पण गर्दीत मराठी माणूस भरपूर. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका मठात आहेत, त्यांचं दर्शन छोट्या झरोक्यातून होतं. आधी भीमा-अमरजा संगमावर आंघोळ, मग मठात दर्शन, दुपारी माधुकरी, आणि ज्यांना "त्रास" आहे ते लोक तिथेच मुक्काम करून सेवा करतात, म्हणजे प्रदक्षिणा, गुरुचरित्राचं पारायण, संगमाजवळचं भस्म लावणं वगैरे.

खरी गंमत (खरं तर गंमत नाहीच) आरतीच्या वेळी. घंटा नगारे सुरू झाले की कोणी घुमायला लागतं, कोणी किंचाळतं, कोणी खांबावर सरसर चढतं, पहिल्यांदा बघणाऱ्याचे हातपाय गार पडतात, लहान मुलं सोबत असतील तर मी तरी त्या वेळी मागेच थांबेन. तिथे नेहमी येणाऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

न्यायचं का म्हणाल तर श्रद्धा असेल तर जरूर न्या, पण मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू नका, सोबतच घेऊन जा. काहींना तिथे मोकळं रडता ओरडता येतं, कोणी वेडं म्हणत नाही, त्यानेही बरं वाटत असावं असं माझं मत. बाहेर कोणी "खास विधी" म्हणून हजारो मागितले तर सरळ पुढे चालू लागा. सोलापूरहून ट्रेनने गाणगापूर रोडला उतरा, पुढे साधारण २० किलोमीटर. पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा.