‘जॉइंटली अँड सेव्हरली’मधील ‘सेव्हरली’

पार्ल्याच्या एका वाचक भगिनींची मुलगी मैत्रिणीबरोबर अंधेरीत भाड्याने घर घेत आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भाड्याची जबाबदारी दोघींवर ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ राहील, असे म्हटले आहे. यातील ‘सेव्हरली’चा अर्थ ‘वारंवार’ की ‘कडकपणे’, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही नाही. ‘कडकपणे’ हा अर्थ ‘सिव्हिअरली’ या निराळ्या शब्दाचा. ‘सेव्हरली’ हा ‘सेव्हरल’पासूनच झाला आहे खरा, परंतु ‘सेव्हरल’चा आज रुळलेला ‘बरेच’ हा अर्थ नंतरचा असून मूळ अर्थ ‘वेगळा, स्वतंत्र’ असा आहे, आणि लॅटिनमधून आलेल्या ‘सेपरेट’च्याच कुळातला तो शब्द आहे. बोलण्यातून मागे पडलेला हा जुना अर्थ कायद्याच्या भाषेने जपला.

तेव्हा भाडे चाळीस हजार असेल, तर ते दोघींनी मिळून द्यायचे आहे आणि एकटीवर वेळ आली तर एकटीनेही पुरते द्यायचे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ मधील उदाहरणे या बाबतीत मुळातून वाचावीत इतकी नेटकी आहेत. अ, ब आणि क यांनी मिळून ड याला ३,००० रुपये देण्याचे कबूल केले, तर ड कोणाही एकाकडून सगळी रक्कम घेऊ शकतो. ती क याला भरावी लागली आणि अ दिवाळखोर असून त्याच्या मालमत्तेतून निम्मेच देणे फिटत असेल, तर क याला अ याच्या मालमत्तेतून ५०० आणि ब याच्याकडून १,२५० रुपये मिळण्याचा हक्क आहे. अ याच्या वाट्याची तूट उरलेल्या दोघांनी सारखी सोसायची. धनकोला त्याची झळ नाही.

मराठीत ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ हा पर्याय अचूक आहे, पण सामान्य वाचकाला तो उलगडत नाही. ‘प्रत्येकी’ मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ‘प्रत्येकी’ म्हटले की आपण लगेच वाटणी करून वीस-वीस हजार धरतो. माझ्या मते ‘सर्वांनी मिळून आणि प्रत्येकाने एकट्यानेही’ असे लिहावे; त्यातला ‘ही’ गाळू नये.

वाटणीच अभिप्रेत असेल, तर इंग्रजीत ‘सेव्हरली अँड नॉट जॉइंटली’ असे लिहितात. शेअर विक्रीच्या हमी करारांत ही शब्दयोजना आढळते आणि तिथे प्रत्येक हमीदार केवळ आपल्या हिश्शापुरता बांधील असतो.